प्रचाराला जरूर जा, पण वर्दी कपाटात ठेवून

वाचकाचे पत्र, थोडे संक्षिप्त करून:

‘ताई, मी मूळचा सातारा जिल्ह्यातला. शिक्षणासाठी अमेरिकेत आलो आणि २००९ मध्ये, हिंदी येते म्हणून, परदेशी नागरिकांना घेणाऱ्या “मॅवनी” योजनेतून इथल्या सैन्यात भरती झालो. प्रशिक्षण संपता संपता नागरिकत्व मिळाले. अफगाणिस्तानात एक वर्ष काढले, सार्जंट म्हणून बाहेर पडलो, राखीव यादीतला काळही केव्हाच संपला. आता माजी सैनिकांच्या सरकारी रुग्णालयात तंत्रज्ञ आहे. अध्यक्षपदाच्या एका इच्छुक उमेदवाराच्या माणसांनी गेल्या महिन्यात मला गाठले. राज्यातल्या माजी सैनिकांना प्रचारात जोडून घेणारा स्वयंसेवक त्यांना हवा आहे. उमेदवार मला मनापासून पटतो. पण त्यांनी तीन गोष्टी मागितल्या आहेत: माझी वर्दीतली छोटी ध्वनिचित्रफीत, माझ्या जुन्या तुकडीतल्या लोकांचे फोन नंबर आणि आमच्या महाराष्ट्र मंडळाच्या गणेशोत्सवात एक लहानशी सभा. बाबा मराठा लाइट इन्फन्ट्रीतून सुभेदार म्हणून निवृत्त झाले. ते म्हणाले, “फौजी माणसाने पुढाऱ्याचे झेंडे उचलायचे नसतात.” तेव्हापासून फोनवर आमचे बोलणे तुटक झाले आहे. एच-वन-बी व्हिसावर इथे असलेल्या माझ्या धाकट्या भावालाही माझ्याबरोबर यायचे आहे. मी काय करावे?’

प्रिय सार्जंट,

तुमच्या प्रश्नाचे उत्तर आधीच सांगून टाकते: जा. जो उमेदवार तुम्हाला मनापासून पटतो त्याच्यासाठी सुट्टीचा दिवस देणे, फोन लावणे, अनोळखी दारावर जाऊन उभे राहणे, हे ज्या देशाचे नागरिकत्व तुम्ही अंगावर वर्दी असताना मिळवले त्या देशातले तुमचे साधे हक्काचे काम आहे, आणि त्यासाठी तुम्हाला कोणाची परवानगी लागत नाही. मात्र त्यांनी मागितलेल्या तीन गोष्टींपैकी एकही जशी मागितली तशी देऊ नका. तिन्हींना नकार देऊनही तुमच्या हातात पुष्कळ काम उरते, आणि माझ्या मते खरे काम तेवढेच असते.

हे मी अंदाजाने लिहीत नाही. २००४ च्या जानेवारीत मी आयोवा राज्यातल्या एम्स या गावी विद्यार्थिनी होते. तिथे डेमोक्रॅटिक पक्षाचा उमेदवार निवडण्याच्या प्राथमिक फेरीत तेव्हा मतपेटी नसे. ठरलेल्या संध्याकाळी त्या त्या भागातले लोक शाळेत किंवा चर्चमध्ये जमत आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांसमोर आपला कल सांगत, त्याला कॉकस म्हणतात. मला मत नव्हते, पण कुतूहल होते, म्हणून मी अध्यक्षपदाचे इच्छुक डेमोक्रॅटिक उमेदवार जॉन केरी यांच्या प्रचारासाठी फोन लावायला जात असे. माजी सैनिकांच्या एका सभागृहाच्या तळघरात लांब टेबले मांडलेली असत, भिंतीलगत कॉफीचे भांडे कायम तापत असे, आणि बाहेर बर्फ इतके असे की दाराशी बुटांची रांग लागलेली असे. माझ्या शेजारी व्हिएतनाममध्ये जाऊन आलेले एक गृहस्थ बसत. त्यांच्या चष्म्याला दोरी बांधलेली होती. त्यांना जिल्ह्यातल्या माजी सैनिकांची छापील यादी दिलेली असे. आम्हा मुलांना सांगितले होते की पहिल्या अर्ध्या मिनिटात उमेदवाराचे नाव घ्यायचे. ते मात्र पहिली काही मिनिटे केरींचे नावच काढत नसत. ते विचारत, ‘तुम्ही कोणत्या वर्षी होतात तिकडे? कुठे होतात?’ आणि मग गप्प बसत.

एका संध्याकाळी असाच एक फोन चाळीस मिनिटे चालला. पलीकडचा माणूस बोलत होता आणि हे नुसते हुंकार भरत होते. आमच्या देखरेखीला असलेला तरुण दोनदा येऊन घड्याळाकडे बघून गेला. फोन ठेवल्यावर यादीत त्या नावापुढे त्यांनी ‘पाठिंबा’, ‘विरोध’ किंवा ‘अनिश्चित’ यांपैकी कुठल्याच चौकटीत खूण केली नाही. समासात पेन्सिलीने लिहिले, ‘मंगळवारी भेटायला जाणार.’ कॉकस सोमवारी, १९ जानेवारीला होते. मंगळवारच्या त्या भेटीचा उमेदवाराला काडीचाही उपयोग नव्हता. माजी सैनिकाने माजी सैनिकाला फोन करण्यात जी ताकद असते ती या मंगळवारात आहे, असे मी तेव्हापासून मानत आले आहे, आणि तुम्हाला ‘जा’ म्हणते तेही या मंगळवारासाठी.

त्या आठवड्यात आयोवात आणखी एक गोष्ट घडली, ती तुम्ही जाणून घ्यायला हवी. १३ मार्च १९६९ रोजी व्हिएतनाममधल्या बाय हाप नदीत जिम रॅसमन नावाचा स्पेशल फोर्सेसचा अधिकारी स्फोटाने पाण्यात फेकला गेला होता आणि जखमी हाताने त्याला बोटीवर ओढून घेणारा नौदलाचा तरुण अधिकारी म्हणजे केरी. रॅसमन पुढे लॉस एंजेलिसच्या शेरीफ खात्यातून निवृत्त झाले. पक्षाने ते रिपब्लिकन होते. त्यांनी स्वतःहून प्रचार कार्यालयाला फोन केला आणि कॉकसच्या आधीच्या शनिवारी डे मॉइनमध्ये, पस्तीस वर्षांनी, ते केरींना भेटले. सभागृहात अनेकांचे डोळे भरून आले. सोमवारी केरींना सुमारे ३८ टक्के प्रतिनिधींचा कौल मिळाला, आणि महिनाभरापूर्वी मागे पडलेला हा उमेदवार पहिला आला. या विजयात रॅसमन यांचा वाटा मोठा होता, असे त्या वेळी सगळेच म्हणत होते. मला आजही वाटते की त्यांचे शब्द लोकांना भिडले ते त्यांनी एकाच प्रसंगाबद्दल सांगितले म्हणून, ज्या प्रसंगात ते स्वतः गळ्यापर्यंत पाण्यात होते.

आता त्याच वर्षाची दुसरी बाजू. ऑगस्टमध्ये ‘स्विफ्ट बोट व्हेटरन्स फॉर ट्रुथ’ या गटाच्या जाहिराती दूरचित्रवाणीवर झळकू लागल्या. त्याही माजी सैनिकांच्याच होत्या. केरींनी आपल्या पदकांबद्दल खोटे सांगितले, असा त्यांचा आरोप होता. नौदलाच्या कागदपत्रांनी आणि केरींच्या बोटीवरच्या बहुतेक सोबत्यांनी त्या आरोपांना दुजोरा दिला नाही, पण तोवर व्हायचे ते नुकसान होऊन गेले होते. व्हिएतनाममध्ये दोन्ही पाय आणि उजवा हात गमावलेले माजी सिनेटर मॅक्स क्लेलंड चाकाच्या खुर्चीत बसून टेक्ससमधल्या क्रॉफर्डला, अध्यक्ष बुश यांच्या शेतघरापर्यंत, निषेधाचे पत्र घेऊन गेले. ते पत्र त्यांना तिथे बुश यांच्या हाती देता आले नाही. दोन वर्षांनी, डिसेंबर २००६ मध्ये, केंद्रीय निवडणूक आयोगाने त्या गटाला जवळजवळ तीन लाख डॉलर दंड केला, तोही नोंदणीच्या नियमभंगासाठी. आरोप खरे की खोटे याचा निवाडा त्यात नव्हता.

त्या शरद ऋतूत मी त्याच तळघरात परत गेले तेव्हा टेबले तीच होती, माणसे मात्र निम्मी झाली होती. चष्म्याला दोरी बांधलेल्या त्या गृहस्थांचा तीस वर्षांचा एक मित्र आता वरच्या मजल्यावर एकटा बसून कॉफी घेत असे. एकदा जिन्यात त्याने यांना अडवले आणि विचारले, ‘तू होतास का त्या नदीवर?’ हे म्हणाले, ‘नव्हतो. जे मी पाहिले नाही ते शपथेवर सांगणार नाही. माझे मत तिकडे का आहे ते ऐकायचे असेल तर बसू या.’ ते बसले की नाही, ते मला माहीत नाही. मला वर्गाला जायचे होते. पण तुमच्या पत्रात ‘ध्वनिचित्रफीत’ हा शब्द वाचला आणि तो जिना आठवला.

एका बाजूच्या प्रचाराने माजी सैनिक पुढे उभा केला की दुसऱ्या बाजूचा प्रचार त्याला खोटे पाडणारा माजी सैनिक शोधू लागतो, आणि तो बहुतेकदा सापडतो. २००४ च्या त्या जाहिरातींमागे काम केलेले क्रिस लासिविटा २०२४ मध्ये ट्रम्प यांच्या प्रचाराचे सहव्यवस्थापक होते, आणि त्या ऑगस्टमध्ये काय झाले ते तुम्ही पाहिलेच असेल. डेमोक्रॅटिक पक्षाचे उपाध्यक्षपदाचे उमेदवार टिम वॉल्झ यांची नॅशनल गार्ड या राखीव दलातली २४ वर्षांची सेवा खरी होती. पण ते कमांड सार्जंट मेजरच्या हुद्द्यावर काम करून, त्या हुद्द्याचे शिक्षण पूर्ण न झाल्याने, निवृत्त झाले मास्टर सार्जंट म्हणून. प्रचाराच्या मजकुरात ‘निवृत्त कमांड सार्जंट मेजर’ असे राहिले होते, ते बदलावे लागले. युद्धात बंदूक वापरल्याचा अर्थ निघावा असे एक जुने वाक्यही, ते प्रत्यक्ष लढाईत नव्हते म्हणून, मागे घ्यावे लागले. समोर जे. डी. व्हान्स होते, ते मरीन कोअरमधून इराकला गेले होते, वार्तांकनाचे काम करत होते, आणि त्यावरूनही शेरेबाजी झाली. दोघांची सेवा सन्मानाची होती. चोवीस वर्षांतली दोन वाक्ये सैल निघाली आणि चर्चा त्या दोन वाक्यांचीच झाली.

म्हणून स्वतःबद्दल बोलाल तेव्हा सेवामुक्तीच्या दाखल्यात जे लिहिले आहे तेवढेच बोला. तळावर होतात तर तळावर होतो म्हणा. गस्तीच्या वाहनात बसला असाल तर किती वेळा, तेही सांगा. प्रचारातली मुले तुमच्या तोंडी घालण्यासाठी मजकूर लिहून आणतील. त्यांचा हेतू वाईट नसतो, पण ‘अफगाणिस्तानात सेवा केली’ या शब्दांचे ‘अफगाणिस्तानात लढला’ व्हायला एका संध्याकाळचा अवधी पुरतो. तुमचे नाव ज्या मजकुरावर जाणार तो छापण्याआधी तुम्हाला वाचायला मिळेल, ही अट आजच घाला. ती मान्य नसेल तर नाव देऊ नका, फक्त हात द्या.

वर्दीबद्दल नियम पुरेसा स्पष्ट आहे. सेवेत असलेल्यांना, राखीव दलातल्यांना आणि निवृत्तिवेतन घेणाऱ्यांनाही राजकीय कार्यक्रमात गणवेश घालता येत नाही. तुमच्यासारख्या सन्मानाने सेवामुक्त झालेल्या माणसाला समारंभापुरता तो घालण्याची मुभा आहे आणि प्रचारसभा त्या समारंभांत मोडत नाही. निवृत्त किंवा राखीव दलातला माणूस स्वतः उमेदवार असला, तरी गणवेशातला फोटो वापरताना यात संरक्षण खात्याचा पाठिंबा नाही, असे त्याला स्पष्ट लिहावे लागते. पण नियम नसता तरी मी तुम्हाला हेच सांगितले असते. ती वर्दी घालून तुम्ही ज्यांच्या शेजारी उभे होतात त्यांच्यापैकी निम्म्यांनी दुसऱ्या उमेदवाराला मत दिले असेल, आणि त्यांच्याही अंगावर तोच कपडा होता. ध्वनिचित्रफीत करायचीच असेल तर साध्या शर्टात, आपल्या घराच्या पायरीवर बसून करा. नाव, किती वर्षे सेवा केली, आणि हा उमेदवार का पटतो, एवढे पुरे.

फोन नंबरांचे सांगायचे तर, देऊ नका, एकसुद्धा नको. तुमच्या तुकडीतले काहीजण अजून सेवेत असतील. संरक्षण खात्याचा २००८ चा निर्देश त्यांना मत द्यायला, स्वतःच्या पैशातून देणगी द्यायला, गणवेश न घालता सभेत प्रेक्षक म्हणून बसायला परवानगी देतो, पण पक्षीय प्रचारात काम करायला देत नाही. तुम्ही त्यांचे सार्जंट होतात. सार्जंटच्या फोनला नाही म्हणणे कनिष्ठाला जड जाते, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगले ठाऊक आहे. तो गट आजारपणाच्या, बारशाच्या आणि कधीतरी रात्री दोन वाजता ‘कोणी जागे आहे का’ असे विचारणाऱ्या निरोपांसाठी राहू द्या. ज्याला त्या रात्री फोन करायचा असेल त्याने तुमचा उमेदवार आठवून हात मागे घेतला, तर ते नुकसान कुठल्याही राज्यातल्या विजयाने भरून निघणार नाही. मतदारांच्या याद्या प्रचारयंत्रणेकडे असतात. त्यांनी त्या वापराव्यात आणि तुम्ही त्यांतले नंबर लावावेत.

मंडळाच्या गणेशोत्सवाचा प्रश्न मला सगळ्यात सोपा वाटला, आणि तुम्हाला तो सगळ्यात अवघड जाईल अशी शंका आहे, कारण तिथे समोर ओळखीचे चेहरे असतील आणि कार्यकारिणीतले कोणीतरी ‘पाच मिनिटांचे तर काम’ असेही म्हणेल. तुमचे मंडळ, अमेरिकेतल्या बहुतेक मराठी मंडळांसारखे, करमुक्त धर्मादाय संस्था म्हणून नोंदलेले असणार. अशा संस्थेला कोणत्याही उमेदवाराच्या बाजूने किंवा विरोधात प्रचार करण्यास १९५४ पासून कायद्याने मनाई आहे, आणि ती मोडल्यास करसवलत जाऊ शकते. मतदार नोंदणीचे टेबल मांडता येते, सगळ्या उमेदवारांना समान संधी देऊन चर्चा ठेवता येते. एकाच उमेदवाराची सभा, तीही आरतीच्या रांगेपाशी, बसत नाही. तुम्हाला घरी वीस मराठी कुटुंबांना चहाला बोलावून मनातले सांगायचे असेल तर खुशाल बोलवा. घर तुमचे आहे.

पण त्या चहाच्या वेळी देणगीची पेटी ठेवू नका, आणि इथे मी तुमच्या नोकरीकडे येते, जिच्याबद्दल तुम्ही पत्रात जाता जाता लिहिले आहे आणि जी या सगळ्यात कायद्याच्या दृष्टीने सर्वांत नाजूक बाब आहे. माजी सैनिकांच्या सरकारी रुग्णालयात तुम्ही केंद्र सरकारचे नागरी कर्मचारी आहात, म्हणून १९३९ चा हॅच कायदा तुम्हाला लागू होतो. १९९३ मध्ये तो सैल झाला, त्यामुळे कामाच्या वेळेबाहेर, सरकारी आवाराबाहेर, तुम्ही फोन लावू शकता, दारोदार जाऊ शकता, सभेत बोलू शकता. मात्र उमेदवारासाठी पैसे मागणे किंवा स्वीकारणे तुम्हाला कधीच करता येत नाही. सुट्टीच्या दिवशीही नाही, स्वतःच्या घरीही नाही, समाजमाध्यमावर देणगीचा दुवा पुढे पाठवूनही नाही. रुग्णालयातल्या ओळखपत्राचा पट्टा गळ्यात ठेवून प्रचाराला जाऊ नका. रुग्णालयाच्या वाहनतळावर गाडीत बसून, जेवणाच्या सुट्टीत, एकही प्रचाराचा फोन करू नका. मोडले तर निलंबनापासून बडतर्फीपर्यंत कारवाई होऊ शकते. प्रचारयंत्रणेतल्या पंचविशीतल्या मुलामुलींना हे ठाऊक असेलच असे नाही, आणि ते तुमच्यापुढे निधिसंकलनाच्या समारंभाचे सहयजमानपद ठेवतील; तेव्हा संकोच न करता कायद्याचे नाव घ्या. आणि काम सुरू करण्यापूर्वी तुमच्या विभागाच्या नीतिनियम सल्लागाराला एक लेखी प्रश्न पाठवा. उत्तराची प्रत जपून ठेवा.

यापेक्षाही मला जास्त काळजी रुग्णालयातल्या त्या खोलीची आहे, जिथे रुग्ण तुमच्यासमोर बाही वर करून बसतो. तोही माजी सैनिक, तुम्हीही माजी सैनिक. तो बोलता बोलता राजकारणावर येणारच. त्याला वाटता कामा नये की तपासणी करणाऱ्याचे मत वेगळे असले तर आपले काम मागे पडेल. तिथे तुमच्या ओठांवर कुठलेही नाव नको.

भावाचे उत्तर थोडक्यात देते. परदेशी नागरिकाला मोबदला न घेता प्रचारात काम करता येते, मी केलेच होते. पण त्याने एक डॉलरही देणगी देऊ नये, आणि पैसा कुठे खर्च करायचा, कोणाला नेमायचे अशा निर्णयांत भाग घेऊ नये. एच-वन-बीवर असताना प्रचाराकडून मानधन, भत्ता, काहीही घेऊ नये.

आता बाबांबद्दल. तुम्ही पत्रात त्यांचे बोलणे अडचण म्हणून सांगितले आहे. मला ते तुमच्या हातातले सर्वांत चांगले शिक्षण वाटते. सातारा जिल्ह्यातल्या घरांत भिंतीवर टांगलेल्या वर्दीतल्या फोटोला जो मान असतो, तो त्या वर्दीने कोणाचीच बाजू घेतली नाही म्हणून टिकला आहे. २०१९ च्या मार्चमध्ये, लोकसभा निवडणुकीच्या तोंडावर, प्रचारफलकांवर जवानांचे फोटो दिसू लागले तेव्हा आपल्या निवडणूक आयोगाने ९ मार्चला पक्षांना पुन्हा बजावले की संरक्षण दलातल्या व्यक्तींची छायाचित्रे जाहिरातींत वापरू नयेत. असे पत्र आयोगाने २०१३ मध्येही पाठवले होते. बाबा त्याच मर्यादेबद्दल बोलत आहेत. अमेरिकेतही हाच सूर लावणारे आहेत, आणि ते लहान माणसे नाहीत. २०१६ मध्ये निवृत्त जनरल जॉन ॲलन एका पक्षाच्या अधिवेशनात आणि निवृत्त जनरल मायकेल फ्लिन दुसऱ्या पक्षाच्या अधिवेशनात व्यासपीठावरून गरजले, तेव्हा संयुक्त सेनाप्रमुख राहिलेले जनरल मार्टिन डेम्प्सी यांनी वृत्तपत्राला जाहीर पत्र लिहून दोघांनाही चुकीचे ठरवले: जनरल निवृत्त झाला तरी लोक त्याच्या तोंडून सैन्याचाच आवाज ऐकतात.

मला डेम्प्सींचे म्हणणे पटते, आणि तरीही तुम्हाला जा म्हणते, कारण जनरल आणि सार्जंट यांच्यात इथे खरा फरक आहे. तुमच्या तोंडून सैन्य बोलते असे कोणी समजणार नाही, जोवर तुम्ही वर्दी घालून ते भासवत नाही. तुम्ही एक नागरिक आहात ज्याने काही गोष्टी जवळून पाहिल्या आहेत. तुमच्यानंतर ‘मॅवनी’तून भरती झालेल्या मुलांचे काय झाले ते तुम्हाला ठाऊक आहे: २०१६ मध्ये योजना थांबली, पार्श्वभूमीच्या तपासण्यांत ती मुले वर्षानुवर्षे अडकली, काहींना सैन्यातून काढूनही टाकले गेले, आणि ज्या नागरिकत्वाचे वचन घेऊन ती आली होती ते अधांतरी राहिले. तळावरच्या कचऱ्याच्या उघड्या जाळखड्ड्यांचा धूर तुम्ही श्वासात घेतला आहे, आणि तो ज्यांच्या फुप्फुसांत राहिला त्यांना आता रोज रुग्णालयात पाहता. यावर उमेदवाराची भूमिका काय, हे विचारण्याचा तुम्हाला दुसऱ्या कोणाहूनही जास्त अधिकार आहे. २०२२ च्या जुलैअखेर त्या धुराने आजारी पडलेल्यांसाठीचा पॅक्ट कायदा सिनेटमध्ये अडला, तेव्हा माजी सैनिक कॅपिटॉलच्या पायऱ्यांवर दिवसरात्र बसून राहिले; २ ऑगस्टला तो ८६ विरुद्ध ११ मतांनी मंजूर झाला. त्या पायऱ्यांवर दोन्ही पक्षांना मत देणारे लोक होते. प्रचाराला होकार देण्याआधी उमेदवाराच्या माणसांपुढे हे दोन प्रश्न ठेवा आणि उत्तर लेखी मागा. उत्तर न देताच त्यांना तुमचा फोटो हवा असेल, तर त्यांना माजी सैनिकाची नव्हे, त्याच्या चित्राची गरज आहे, असे समजायला हरकत नाही.

एक गोष्ट मनाची तयारी म्हणून सांगते. दारोदार जाल तेव्हा तुमचे नाव आणि रंग पाहून कोणीतरी विचारील, ‘पण तुम्ही मूळचे कुठले?’ कोणी ते सरळपणे विचारील, कोणी टोचून. दोघांनाही एकच उत्तर द्या: सातारा, महाराष्ट्र, अमुक तुकडी, अमुक साल. कोणाचा आवाज चढला तर दार त्याचे आहे. आभार मानून पायरी उतरा.

प्रचारयंत्रणेला पाठवायच्या पत्राचा मसुदा देते. इंग्रजीत तुमच्या शब्दांत करून घ्या. ‘मी दर शनिवारी सकाळी चार तास देईन, माजी सैनिकांना फोन करण्यासाठी आणि त्यांच्या घरी जाण्यासाठी. गणवेशातले छायाचित्र किंवा चित्रफीत देणार नाही. माझ्या तुकडीतल्या कोणाचाही संपर्क देणार नाही. आमच्या सांस्कृतिक मंडळात कार्यक्रम करणार नाही. मी केंद्र सरकारचा कर्मचारी असल्याने निधिसंकलनात कुठल्याही प्रकारे भाग घेऊ शकत नाही. माझे नाव ज्या मजकुरात येईल तो मला आधी दाखवावा. सोबत दोन प्रश्न जोडले आहेत; उमेदवाराचे उत्तर मिळाल्यावर मी कामाला सुरुवात करीन.’

हे पत्र पाठवण्याआधी रविवारी बाबांना फोन करून मराठीत वाचून दाखवा, सावकाश, आणि मध्ये त्यांनी काही सुचवले तर ते लिहून घ्या. सुभेदाराने जन्मभर इतरांची पत्रे तपासली असतील. एखादे वाक्य ते नक्की खोडतील.